कचरा उचलण्याचा सन्मान

जानेवारीतला तिसरा सोमवार अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावे सुट्टीचा. बँका बंद, शेअर बाजार बंद, टपाल बंद. मात्र सरकारचा आग्रह असा की, सुट्टी घरी लोळून घालवू नका, सेवेत घालवा. मग गावोगावी माणसे जमतात. कुणी शाळेच्या भिंती रंगवते, कुणी गरिबांसाठी अन्नाची पाकिटे भरते. आणि एक कार्यक्रम बऱ्याच शहरांत असतोच. हातमोजे घालायचे, प्लास्टिकची मोठी पिशवी घ्यायची आणि उद्यानातला, ओढ्याकाठचा, रस्त्याकडेचा कचरा वेचायचा. महापौर येतात. फोटो निघतात. किती पिशव्या भरल्या ते सांगितले जाते.

किंग यांच्या स्मृतीला कचऱ्याची पिशवी. हे तिथे फारसे कुणाला खटकत नाही. किंग यांचा खून झाला तेव्हा ते कचरा कामगारांच्या संपासाठी मेम्फिस शहरात आले होते, हे शाळेतल्या मुलांनाही शिकवतात. तरीही खटकत नाही.

१९६८ सालचा फेब्रुवारी. टेनेसी राज्यातले मेम्फिस. महिन्याच्या पहिल्याच तारखेला जोराचा पाऊस होता. एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन कृष्णवर्णीय कामगार आडोशाला म्हणून कचरागाडीच्या मागच्या भागात शिरले. कचरा दाबणारे यंत्र तिथेच होते. ते अचानक सुरू झाले. दोघे चिरडून मेले. आडोशाला दुसरी जागा नव्हती. गोऱ्या वस्तीत कुणाच्या वऱ्हांड्यात हे लोक उभे राहिले की तक्रारी होत. गाडी जुनाट होती. असल्या गाड्या धोक्याच्या आहेत, हे कामगार आधीपासून सांगत होते. शहराच्या लेखी दोघेही रोजंदारीवरचे, म्हणून नुकसानभरपाई त्यांना लागू नव्हती. घरच्यांना एक महिन्याचा पगार आणि मातीसाठी ५०० डॉलर मिळाले. विषय मिटला, असे शहराला वाटले.

या कामगारांना तासाला पावणेदोन डॉलरच्या आत-बाहेर मजुरी मिळे. पूर्णवेळ राबूनही अनेकांना गरिबांसाठीच्या सरकारी मदतीवर घर चालवावे लागे. कचऱ्याचे टब डोक्यावर किंवा खांद्यावर वाहायचे. टब गळके. घाण पाणी अंगावर, अळ्या कपड्यांत. पाऊस लागला की काळ्या मजुरांना घरी पाठवायचे आणि त्या दिवसाचा पगार कापायचा. गोरे मुकादम मात्र पावसातही पूर्ण पगाराचे धनी.

१२ फेब्रुवारीला सुमारे १३०० माणसे कामावर आली नाहीत. मागण्या साध्या होत्या. आमच्या संघटनेला मान्यता द्या. तिची वर्गणी पगारातून कापून घ्या. मजुरी वाढवा. कामावर जीव जाणार नाही अशी साधने द्या. महापौर हेन्री लोब यांचे उत्तरही साधे होते. सरकारी नोकरांचा संप बेकायदा आहे. आधी कामावर या, मग बोलू. त्यांनी नवी माणसे भरली. पोलिसांच्या बंदोबस्तात मोजक्या गाड्या फिरू लागल्या. बाकी शहरात कचरा साचत गेला.

इथे जरा थांबायला हवे. तो साचलेला कचरा संपकऱ्यांचा एकमेव हुकमी पत्ता होता. त्यांच्याकडे पैसा नव्हता. वर्तमानपत्रे विरोधात होती, न्यायालय विरोधात होते. रस्त्यावरचा कचरा रस्त्यावरच राहणे, एवढेच त्यांच्या हाती होते. त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मेम्फिसच्या एखाद्या सज्जन नागरिकाने हातमोजे घालून, पिशवी घेऊन, शहराच्या प्रेमापोटी फुकट कचरा उचलला असता, तर तो कुणाच्या बाजूचा ठरला असता? लोब यांनी त्याची पाठ थोपटली असती. संपकऱ्यांनी त्याला संपफोड्या म्हटले असते, आणि त्यांचे चुकले नसते.

ज्या कृतीने किंग यांचा शेवटचा लढा मोडला असता, ती कृती आज त्यांच्या सन्मानासाठी निवडली गेली आहे. निवडणाऱ्यांच्या मनात कपट नाही. हे अधिक गंभीर आहे.

किंग यांना मेम्फिसला बोलावले जेम्स लॉसन यांनी. हे मेथडिस्ट धर्मोपदेशक. कोरियातल्या युद्धासाठी सैन्यात जायला नकार दिला म्हणून तुरुंगात गेलेले. तिथून सुटल्यावर पुढे ते आले आपल्या नागपूरला. हिस्लॉप कॉलेजात १९५३ ते १९५६ ते खेळ शिकवत आणि सत्याग्रहाचा अभ्यास करत. किंग यांच्या नेतृत्वाखालच्या माँटगोमेरीच्या बस बहिष्काराची बातमी त्यांनी नागपुरात वर्तमानपत्रात वाचली. (नागपूरकरांना याचा अभिमान वाटायला हवा. तो फारसा कुठे ऐकू येत नाही.) अमेरिकेत परतल्यावर अहिंसक प्रतिकाराचे शिस्तशीर प्रशिक्षण देणारा माणूस म्हणून लॉसन यांचे नाव झाले. त्या प्रशिक्षणात सफाई मोहीम नव्हती. मार कसा खायचा, शिवी ऐकून हात कसा आवरायचा, अटक झाली तर काय करायचे आणि दुकानदाराचा गल्ला कसा थांबवायचा, हे ते शिकवत. अहिंसा म्हणजे दबाव. तो आणायचा कसा, हे त्यांनी नागपुरात अभ्यासले होते.

१८ मार्चला किंग मेम्फिसच्या मेसन टेंपलमध्ये बोलले. हजारो माणसे आली होती. त्यांच्या सहकाऱ्यांना हा फेरा नको होता. वॉशिंग्टनवर गरिबांचा मोर्चा न्यायची तयारी चालली होती, पैसे कमी होते, वेळ कमी होता. किंग यांना मात्र मेम्फिसमध्ये तोच प्रश्न दिसला, फक्त एका शहराच्या आकाराचा. या श्रीमंत देशात माणसे दिवसभर राबूनही उपाशी राहतात हा गुन्हा आहे, असे ते त्या रात्री बोलले. कचरा उचलणारा आणि डॉक्टर यांच्यात फरक करू नका, पहिल्याने काम थांबवले तर दुसऱ्याला रोगराई आवरणार नाही, असेही. आजच्या सेवादिनाच्या पत्रकात हे वाक्य छान बसले असते. पण त्याच भाषणात त्यांनी एक दिवस सगळे शहर बंद ठेवण्याची हाक दिली. शाळा, कारखाने, घरकाम, सगळे. ती हाक कुठल्या पत्रकात बसणार?

२८ मार्चचा मोर्चा बिघडला. काचा फुटल्या. लॅरी पेन हा १६ वर्षांचा मुलगा पोलिसाच्या गोळीने मेला. सुमारे ४ हजार सैनिक शहरात उतरले. किंग यांच्या अहिंसेचे पितळ उघडे पडले, असा सूर वर्तमानपत्रांनी लावला. न्यायालयाने पुढच्या मोर्चाला मनाई केली. तरी ३ एप्रिलला किंग पुन्हा आले. त्या वादळी रात्रीचे त्यांचे भाषण आता जगभर ठाऊक आहे, मुख्यतः शेवटच्या काही वाक्यांसाठी, ज्यांत मरणाची चाहूल आहे. मधला भाग सहसा ऐकवत नाहीत. तो भाग हिशेबाचा आहे. वर्तमानपत्रे काचांबद्दल लिहितात, १३०० कामगारांबद्दल लिहीत नाहीत, ही तक्रार त्यात आहे. कोकाकोला घेऊ नका, सीलटेस्टचे दूध घेऊ नका, वंडर ब्रेड घेऊ नका, आपले पैसे शहरातल्या बड्या बँकांतून काढून काळ्यांच्या ट्राय-स्टेट बँकेत ठेवा, हे सगळे त्यात आहे. कंपन्यांची नावे घेऊन सांगितलेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लॉरेन मोटेलच्या सज्जात त्यांना गोळी लागली.

त्यांच्या नावाची सुट्टी मंजूर व्हायला आणखी पंधरा वर्षे गेली. खून झाल्यावर चारच दिवसांनी विधेयक मांडले गेले होते. १९८३ मध्ये सिनेटने सुट्टीचे विधेयक ७८ विरुद्ध २२ मतांनी मंजूर केले, अध्यक्ष रेगन यांनी सही केली, १९८६ मध्ये पहिली सुट्टी झाली. मग भीती अशी वाटू लागली की, हा दिवस म्हणजे चादरी आणि गाद्यांच्या सेलचा एक सोमवार होऊन बसेल. भीती खोटी नव्हती. १९९४ मध्ये नवा कायदा आला. हा दिवस सेवेचा असेल, असे त्यात ठरले. तो आणणारे दोघे कुणी उपरे नव्हते. जॉन लुइस यांनी सेल्माच्या पुलावर, मतदानाच्या हक्काच्या मोर्चात, पोलिसांकडून डोके फोडून घेतले होते. हॅरिस वॉफर्ड यांनी गांधींचा अभ्यास केला होता, भारत पाहिला होता आणि किंग यांच्या १९५९ च्या भारतभेटीला हातभार लावला होता. त्यांच्या हेतूवर बोट ठेवता येत नाही. सेवेमागून प्रश्न येतील, असे त्यांना वाटले असणार. गरिबाच्या दारात एकदा गेलेला माणूस तो गरीब का, असे विचारेल, असेही.

विचारले का? तीस वर्षांत सेवेची यंत्रणा मोठी झाली. प्रश्न विचारण्याची झाली नाही.

बचाव ठरलेला आहे. किंग स्वतःच सेवेबद्दल बोलले होते ना? होय, बोलले होते. ४ फेब्रुवारी १९६८ ला अटलांटातल्या आपल्या चर्चमध्ये त्यांनी एक प्रवचन दिले. मोठे व्हायचे तर सेवा करा, त्यासाठी पदवी लागत नाही, व्याकरण लागत नाही, असे त्यात आहे. सेवादिनाच्या फलकांवर याच प्रवचनातली ओळ असते. तारीख पाहावी. कोल आणि वॉकर मेले त्याला तेव्हा तीन दिवस झाले होते. आणि सेवा म्हणजे काय, याचे उत्तर किंग यांनी पुढच्या दोन महिन्यांत स्वतःच्या पावलांनी दिले. ते मेम्फिसला गेले. तिथे त्यांनी पिशवी उचलली नाही. ज्यांचे काम ती उचलणे होते आणि ज्यांनी ते थांबवले होते, त्यांच्या शेजारी ते उभे राहिले. त्या रविवारचे प्रवचन उचलायचे आणि त्यानंतरचे दोन महिने गाळायचे, याला आदर म्हणता येत नाही.

त्याच प्रवचनाची आणखी एक गत झाली. ती इथे सांगायलाच हवी. ४ फेब्रुवारी २०१८, म्हणजे बरोबर पन्नासावे वर्ष, तोच दिवस. सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना. कोट्यवधी माणसे दूरचित्रवाणीसमोर. मधल्या जाहिरातीत किंग यांचा आवाज आला. सेवा करणारा थोर असतो, असे ते सांगत होते. पडद्यावर राबणारी माणसे दिसली, आणि त्यांच्यामागून रॅम कंपनीचा ट्रक. परवानगी रीतसर होती. किंग यांच्या शब्दांचे हक्क सांभाळणाऱ्या व्यवस्थापनाने ती दिली होती. त्याच प्रवचनात त्याआधी किंग यांनी जाहिरातदारांवर टीका केली होती. शेजाऱ्याला हेवा वाटावा म्हणून ऐपतीबाहेरची मोटार घेणाऱ्यांवर केली होती. तो भाग जाहिरातीत नव्हता. दुसऱ्या दिवशी लोक चिडले, पण जाहिरात कंपनी एका बाबतीत चुकली नव्हती. किंग यांच्यातला कुठला तुकडा कुणालाही न दुखवता विकता येतो, हे तिला अचूक कळले होते. तोच तुकडा सरकारने १९९४ मध्ये निवडला होता.

या तुकड्याला विरोधक नाही. इथेच त्याची सोय आहे. ओढ्यातल्या प्लास्टिकच्या बाटलीची बाजू घेणारा कुणी नसतो. ती उचलली म्हणून कुणाचा नफा कमी होत नाही, कुणाला कर वाढवून द्यावा लागत नाही, कुठल्या महापौराला कुणाशी वाटाघाटीला बसावे लागत नाही. उलट महापौरच पिशवी घेऊन येतात. मजुरी मागितली की समोर माणूस उभा राहतो. त्याच्याशी भांडावे लागते. किंग आयुष्यभर अशा समोरच्या माणसाशी भांडले, म्हणून ते नकोसे होते. १९६६ च्या गॅलप पाहणीत ६३ टक्के अमेरिकनांचे त्यांच्याबद्दलचे मत प्रतिकूल होते. आज त्यांच्याबद्दल प्रतिकूल मत शोधावे लागते. माणूस तोच, भाषणे तीच. मधल्या काळात फक्त समोरचा माणूस पुसला गेला.

दानाने भागत नाही, हे किंग यांनी उघड सांगून ठेवले होते. भिकाऱ्याकडे नाणे फेकणे म्हणजे करुणा नव्हे. भिकारी निर्माण करणारी इमारतच नव्याने बांधायला हवी. हे ते १९६७ च्या ४ एप्रिलला न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये बोलले, खुनाच्या बरोबर एक वर्ष आधी. रस्त्यात लुटलेल्याला मदत करा, पण रस्ताच असा करा की कुणी लुटला जाऊ नये, असेही त्याच भाषणात होते. सेवादिन ठरवणाऱ्यांना हे भाषण ठाऊक नव्हते, असे मानता येत नाही.

आपण यावर भुवया उंचावण्याआधी २ ऑक्टोबर आठवावा. २०१४ पासून गांधींचा चष्मा हे स्वच्छता मोहिमेचे चिन्ह आहे. जयंतीच्या सकाळी मंत्री झाडू घेतात. आधीच झाडलेल्या रस्त्यावर पालापाचोळा आणून टाकल्याच्या बातम्याही आपण वाचल्या आहेत. मात्र इथे एक फरक आहे, आणि तो किंग यांच्या बाजूचा आहे. गांधींच्या हातात झाडू खरोखर होता. संडास साफ करणे त्यांनी स्वतः केले, आश्रमात प्रत्येकाला करायला लावले. पण १९४६ मध्ये मुंबईच्या सफाई कामगारांनी संप केला, तेव्हा गांधींनी ‘हरिजन’मध्ये लिहिले की, या कामगारांनी संप करू नये. गाऱ्हाणी असली तरी हा मार्ग त्यांचा नव्हे. डॉ. आंबेडकरांनी मात्र त्याआधीच, १९३० च्या दशकात, मुंबई महापालिकेतल्या कामगारांची संघटना उभी केली होती. १९५९ मध्ये किंग मुंबईत मणिभवनात राहिले, स्वतःला गांधींचा अनुयायी म्हणवत राहिले. नऊ वर्षांनी मेम्फिसमध्ये, या एका प्रश्नावर, ते गांधींच्या पुढे गेले आणि आंबेडकर जिथे उभे होते तिथे पोचले. अमेरिकेतल्या किंवा आपल्या गौरवग्रंथांत याची नोंद सहसा नसते.

आणि फुकटच्या सेवेचा धोका काय, हे मुंबईइतके दुसऱ्या कुठल्या शहराला कळणार? झोपडपट्ट्यांच्या सफाईसाठी महापालिकेने दत्तक वस्ती योजना आणली. संस्थांमार्फत माणसे घेतली. ती रोज सकाळी गटारे उपसत, गल्ल्या झाडत. कागदावर मात्र ती कामगार नव्हती. स्वयंसेवक होती. स्वयंसेवकाला पगार नसतो, मानधन असते. मग किमान वेतन कुठले, भविष्य निर्वाह निधी कुठला, रजा कुठली? कंत्राटदारांकडच्या कचरा कामगारांची कथाही फार वेगळी नव्हती. वर्षानुवर्षे कोर्टकचेरी झाली, तेव्हा कुठे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २७०० जणांना कायम करण्याचा निकाल उचलून धरला. हा निकाल कामगारांच्या संघटनेने मिळवला. त्या काळात शहरात किती स्वच्छता मोहिमा झाल्या, याची मोजदाद नाही. त्यांतल्या एकीनेही कुणाला कायम केले नाही.

मेम्फिसचा संप ६५ दिवस चालला. किंग यांच्या खुनानंतर चार दिवसांनी त्यांच्या पत्नी कोरेटा किंग यांनी हजारोंचा मूक मोर्चा त्या शहरातून नेला. १६ एप्रिलला तडजोड झाली. संघटनेला मान्यता मिळाली, वर्गणीचा मार्ग निघाला, मजुरी दोन टप्प्यांत एकूण १५ सेंटने वाढली. एवढ्यासाठी एवढे. २०१७ मध्ये शहराने त्या संपातल्या हयात कामगारांना प्रत्येकी ५० हजार डॉलरचे अनुदान जाहीर केले. त्यांना शहराचे निवृत्तिवेतन नव्हते. त्यांतला एकजण ऐंशी ओलांडूनही कचऱ्याच्या गाडीवर कामाला होता. दरवर्षी जानेवारीत त्याला बोलावून सत्कार करणे सोपे होते. निवृत्तिवेतन देणे अवघड होते, म्हणून शेवटी अनुदानावर भागवले गेले.

किंग यांचा सन्मान करायचाच आहे, तर करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्याला पिशवी लागत नाही. संघराज्याचे किमान वेतन २००९ पासून तासाला सव्वासात डॉलरवर अडले आहे. १९६८ चे १ डॉलर ६० सेंट आजच्या भावात मोजले, तर ते याच्या जवळजवळ दुप्पट भरतात. मेम्फिस ज्या राज्यात आहे, त्या टेनेसीचा स्वतःचा किमान वेतनाचा कायदाच नाही. कचरा गोळा करणे हे आजही अमेरिकेतल्या सर्वांत जीवघेण्या कामांपैकी एक आहे. या एकेका गोष्टीसमोर नाव-गाव असलेला माणूस उभा आहे.

शेजारचे नॉर्थ कॅरोलायना राज्य घ्या. किंग यांच्या नावाची सुट्टी तिथे आहे. राज्याची कार्यालये त्या सोमवारी बंद असतात, शहरांत सेवेचे कार्यक्रम होतात, कचराही वेचला जातो. त्याच राज्यात १९५९ चा एक कायदा आहे. किंग ज्या वर्षी मणिभवनात राहून गेले, त्याच वर्षीचा. कुठल्याही शहराने किंवा जिल्ह्याने आपल्या कर्मचाऱ्यांच्या संघटनेशी करार केला, तर तो बेकायदा आणि रद्दबातल, असे हा कायदा सांगतो. तो अजून जागेवर आहे. मेम्फिसचे महापौर हट्टाने जो करार नाकारत राहिले, तो नॉर्थ कॅरोलायनातल्या एखाद्या महापौराला आज मनापासून करावासा वाटला, तरी करता येणार नाही.